पिप म्हणतो आहे, पायथन म्हणतो नाही

पत्र:

नमस्कार. माझ्या विंडोज लॅपटॉपवर पायथन ३.९ होता, नंतर मी ३.१२ पण टाकला. तेव्हापासून व्हीएस कोडमधून प्रोग्राम चालवला की ‘नो मॉड्यूल नेम्ड पांडाज’ येतं, आणि टर्मिनलमध्ये ‘पिप इन्स्टॉल पांडाज’ दिलं की ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’. तीनदा काढून पुन्हा टाकलं, फरक नाही. त्यात एका सहकाऱ्याचा प्रोजेक्ट चालवून बघायला त्याची रिक्वायरमेंट्स फाइल इन्स्टॉल केली. आता टर्मिनलमधून नीट चालणारा माझा फ्लास्कचा प्रोजेक्ट ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम यूआरएल_कोट फ्रॉम वर्कझॉइग.यूआरएल्स’ म्हणून बंद पडतो, आणि पांडाज वापरणारी एक जुनी स्क्रिप्ट ‘नमपाय.डीटाइप साइज चेंज्ड, मे इंडिकेट बायनरी इनकॉम्पॅटिबिलिटी’ असं म्हणते. गंमत म्हणजे ‘पिप चेक’ दिलं तर ‘नो ब्रोकन रिक्वायरमेंट्स फाउंड’! फ्लास्क २.२.२ आहे, पांडाज २.०.३. सगळं पुसून लॅपटॉप फॉरमॅट करावा का?

उत्तर:

नमस्कार. फॉरमॅट करू नका. फॉरमॅट करून पुन्हा दोन पायथन टाकलेत, तर पंधरा दिवसांत याच जागी परत याल. तुमच्या पत्रात तीन वेगवेगळे बिघाड आहेत आणि तिन्ही एकाच दिवशी दुरुस्त होण्यासारखे आहेत. पहिला बिघाड पत्त्याचा आहे, म्हणजे पॅकेज एका पायथनकडे आहे आणि मागतोय दुसरा. उरलेले दोन व्हर्जनचे आहेत. ते का झाले आणि पिपच्या (पायथनची पॅकेजं टाकणारं साधन) चेकला का दिसले नाहीत, तेही खाली येईलच.

आधी एक सूचना. इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत; टर्मिनलमध्ये टाइप करताना नेहमीची रोमन छोटी अक्षरं आणि साधे अंक वापरा. आणि पुढचं सगळं वाचून होईपर्यंत काहीही इन्स्टॉल किंवा अनइन्स्टॉल करू नका. इम्पोर्टची एरर आली की हात आपोआप ‘पिप इन्स्टॉल’कडे जातो. पण प्रत्येक इन्स्टॉल आधीची परिस्थिती बदलतं, आणि मग मूळ कारण शोधायला पुरावाच उरत नाही.

सुरुवात पांडाज या डेटा हाताळायच्या पॅकेजपासून. एका मशीनवर जितके पायथन, तितके साइट-पॅकेजेसचे (पॅकेजं जिथे बसतात ते) फोल्डर. ३.९ चा वेगळा, ३.१२ चा वेगळा, प्रत्येक व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंटचा, म्हणजे एकेका प्रोजेक्टसाठी केलेल्या वेगळ्या जागेचा, आणखी वेगळा. पिप हा स्वतःसुद्धा कुठल्या तरी एका पायथनमध्ये बसलेला असतो आणि फक्त त्याच्याच फोल्डरमध्ये सामान टाकतो. टर्मिनलमध्ये नुसतं ‘पिप’ लिहिलं की विंडोज पाथ या यादीतले फोल्डर क्रमाने बघतं आणि जो पिप आधी सापडेल तो चालवतं. ३.१२ टाकताना इन्स्टॉलरच्या पहिल्याच पानावरची ‘अ‍ॅड पायथन टू पाथ’ची खूण बहुतेक राहून गेली असावी. म्हणून पाथमध्ये अजून ३.९ च आहे आणि तुमचा पिप तिथला आहे. व्हीएस कोडने मात्र ३.१२ निवडलाय. पिप ३.९ बद्दल खरं सांगतोय, एरर ३.१२ बद्दल खरं सांगतेय.

हे अंदाजाने मानू नका, तपासून घ्या. टर्मिनलमध्ये:

पिप --व्हर्जन

याच्या उत्तरात पिपचा स्वतःचा पूर्ण पत्ता येतो आणि ओळीच्या शेवटी कंसात तो कोणत्या पायथनचा आहे ते. तुमच्याकडे तिथे ३.९ दिसायला हवं. मग:

पीवाय -०पी

(शून्य आणि पी, जोडून.) विंडोजवरचा पीवाय लाँचर मशीनवरचे सगळे पायथन त्यांच्या पत्त्यांसह दाखवतो, ज्याच्यापुढे चांदणी आहे तो डीफॉल्ट. शेवटी, जो प्रोग्राम पांडाज मागतोय त्याच्या अगदी वर, पांडाजच्या इम्पोर्टच्याही आधी, या तीन ओळी घाला आणि व्हीएस कोडमधूनच चालवा:

इम्पोर्ट सिस
प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल)
प्रिंट(सिस.पाथ)

दुसरी ओळ सांगते की हा प्रोग्राम नक्की कुठला पायथन चालवतोय. तिसरी ओळ, तो मॉड्यूल शोधायला कुठे कुठे जातो. पिपचा पत्ता आणि हा पत्ता वेगळा निघाला की निदान झालं. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर’ निवडलंत की हवा तो पायथन ठरवता येतो, पण लगेच ३.९ वर नेऊ नका. त्याच्यातच बाकीचा गुंता झालाय.

यापुढची एक सवय मात्र आजपासून लावा. नुसता ‘पिप’ लिहायचा नाही. ज्या पायथनमध्ये पॅकेज हवंय त्याच्याच नावाने पिपला बोलवायचं:

पीवाय -३.१२ -एम पिप इन्स्टॉल पांडाज

किंवा एनव्हायर्नमेंट चालू असेल तर ‘पायथन -एम पिप’. असं लिहिलं की सामान कुणाच्या घरात पडणार याबद्दल शंका राहत नाही. जुपिटर नोटबुकमध्येही हाच घोळ होतो, कारण नोटबुकचा कर्नल (त्यातला कोड चालवणारा पायथन) आणि टर्मिनलचा पायथन वेगळे असू शकतात. तिथे सेलमध्ये टक्क्याचं चिन्ह लावून ‘%पिप इन्स्टॉल’ द्या. तो चालू कर्नलच्याच पायथनमध्ये टाकतो. नंतर कर्नल रीस्टार्ट करा. एकदा इम्पोर्ट झालेलं मॉड्यूल पायथन सिस.मॉड्यूल्समध्ये धरून ठेवतो, त्यामुळे डिस्कवर नवं व्हर्जन आलं तरी चालू कर्नल जुनंच वापरत राहतो. नवं टाकलं तरी तीच एरर येते, अशा तक्रारींपैकी पुष्कळशा एवढ्यानेच मिटतात.

आता फ्लास्क, म्हणजे वेबसाइट बनवायचं पॅकेज. इथे एरर नीट वाचायला हवी. ‘नो मॉड्यूल नेम्ड अमुक’ ही मॉड्यूल-नॉट-फाउंड-एरर असते. पायथन ३.६ पासून इम्पोर्ट-एररचा हा वेगळा पोटप्रकार आहे आणि त्याचा अर्थ, या नावाचं काही सापडलंच नाही. ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम’चा अर्थ याहून वेगळा. मॉड्यूल सापडलं, उघडलं, पण त्यात मागितलेलं नाव नाही. म्हणजे पॅकेज आहे, व्हर्जन भलतं आहे. अशा वेळी तेच पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करून काही होत नाही. एररच्या शेवटी कंसात त्या फाइलचा पत्ताही छापलेला असतो. तो आधी बघा, म्हणजे वर्कझॉइग (फ्लास्क ज्याच्यावर उभा आहे ते पॅकेज) कुठल्या साइट-पॅकेजेसमधून आला ते कळेल.

फ्लास्क २.२.२ सुरू होताना वर्कझॉइगकडून यूआरएल_कोट हे फंक्शन मागतो. वर्कझॉइग ३.० सप्टेंबर २०२३ मध्ये आला आणि त्यात ते काढून टाकलेलं आहे. फ्लास्क २.२.२ च्या मेटाडेटामध्ये (पॅकेजसोबत लिहिलेल्या माहितीत) मात्र एवढंच लिहिलंय की वर्कझॉइग २.२.२ किंवा पुढचा चालेल. वरची मर्यादा नाहीच. त्यामुळे सहकाऱ्याच्या फाइलने वर्कझॉइग ३ मागितला तेव्हा पिपला अडवण्यासारखं काही दिसलं नाही. लिहिलेल्या अटीप्रमाणे ३ हा ‘२.२.२ किंवा पुढचा’च आहे.

पिप चेक का गप्प बसला, त्याचं उत्तर इथेच मिळतं. तो कोड चालवून बघत नाही. प्रत्येक पॅकेजने लिहून ठेवलेल्या अटी आणि प्रत्यक्षात बसलेली व्हर्जन एवढंच ताडून बघतो. अट सैल लिहिली असेल तर तो हिरवा कंदील दाखवणारच. म्हणून त्याचं ‘सगळं ठीक’ हे ‘कागदोपत्री ठीक’ असं वाचावं. तो तक्रार करतो तेव्हा मात्र ती गांभीर्याने घ्यावी.

नमपायच्या (पांडाज आकडेमोडीसाठी वापरतो त्या पॅकेजच्या) एररचं मूळही तेच, फक्त थर एक पायरी खालचा. पांडाजचा बराच भाग आधीच कंपाइल केलेला असतो, आणि कंपाइल होताना नमपायच्या आतल्या रचनांचे आकार त्यात पक्के होऊन बसतात. नमपाय १ च्या काळात डीटाइपची रचना ९६ बाइटची होती. जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० मध्ये ती ८८ ची झाली. तुमच्या एररची ओळ पुढे वाचलीत तर ‘एक्स्पेक्टेड ९६ फ्रॉम सी हेडर, गॉट ८८ फ्रॉम पायऑब्जेक्ट’ असंच काहीसं दिसेल. ते दोन आकडे म्हणजे सगळी हकीगत आहे: पांडाज २.०.३ नमपाय १ साठी बांधलेला आहे आणि त्याला समोर नमपाय २ मिळाला. पांडाज २.०.३ नेही नमपायला वरची मर्यादा घातलेली नव्हती. नमपाय २ शी जुळणारा पहिला पांडाज २.२.२.

खात्री करायला:

पीवाय -३.९ -एम पिप शो वर्कझॉइग नमपाय

यात व्हर्जन, पत्ता, आणि ‘रिक्वायर्ड-बाय’ अशी ओळ येते. हे पॅकेज कोण कोण वापरतंय ते ती ओळ सांगते. सामायिक पॅकेजला हात लावण्याआधी ती वाचायचीच.

आता दुरुस्ती. फ्लास्क परत उभा करायचे दोन मार्ग आहेत. तातडीचा:

पीवाय -३.९ -एम पिप इन्स्टॉल "फ्लास्क==२.२.२" "वर्कझॉइग<३"

अवतरणचिन्हं शोभेसाठी नाहीत. टर्मिनलला < आणि > ही चिन्हं फाइलमधून घेणं आणि फाइलमध्ये टाकणं यासाठी ठाऊक आहेत. अवतरणं विसरून ‘पिप इन्स्टॉल नमपाय>=१.२६’ लिहिलंत, तर पिपला फक्त ‘नमपाय’ एवढंच पोचतं, तो हवं ते व्हर्जन टाकतो, आणि त्याचं सगळं बोलणं ‘=१.२६’ सारख्या नावाच्या फाइलमध्ये जाऊन पडतं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये अशा विचित्र नावाची फाइल दिसली तर ती कुठून आली हे आता तुम्हाला माहीत आहे. पॉवरशेल या चिन्हांचा वापर याहून थोडा वेगळा करतं, पण अवतरणं घातलीत की कुठेच अडत नाही.

दुसरा मार्ग, फ्लास्कच ३ वर नेणं. फ्लास्क ३ वर्कझॉइग ३ साठीच आहे. आमचा कौल याच मार्गाला, पण आज नाही. आधी प्रोजेक्ट वेगळ्या जागेत हलवा, चालतोय ते बघा, आणि मग निवांतपणे वर न्या. दोन बदल एकाच वेळी केले की काय मोडलं ते समजत नाही. शिवाय ३.९ ची अधिकृत मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलेली आहे, त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत. कायमचा मुक्काम तिथे ठेवण्यात अर्थ नाही.

तर वेगळी जागा. प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःची व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंट हवी, अगदी पन्नास ओळींच्या स्क्रिप्टलाही. त्यासाठी लागणारं व्हेन्व हे मॉड्यूल २०१२ च्या पायथन ३.३ पासून सोबतच येतं, काही वेगळं उतरवावं लागत नाही. फ्लास्कच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन:

पीवाय -३.९ -एम व्हेन्व .व्हेन्व
.व्हेन्व\स्क्रिप्ट्स\अ‍ॅक्टिव्हेट
पायथन -एम पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप
पायथन -एम पिप इन्स्टॉल "फ्लास्क==२.२.२" "वर्कझॉइग<३"

पॉवरशेलमध्ये दुसऱ्या ओळीला ‘रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड ऑन धिस सिस्टिम’ अशी लाल ओळ आली तर घाबरू नका. तो विंडोजचा पहारा आहे, पायथनचा दोष नाही. ‘सेट-एक्झिक्युशनपॉलिसी -स्कोप करंटयूझर रिमोटसाइन्ड’ एकदा दिलं की तुमच्या खात्यापुरतं ते चालू होतं. कंपनीचा लॅपटॉप असेल आणि हे बदलायची परवानगी नसेल, तर अ‍ॅक्टिव्हेट न करताही काम होतं: ‘.व्हेन्व\स्क्रिप्ट्स\पायथन.एक्सई -एम पिप इन्स्टॉल …’ असा पूर्ण पत्ता दिला की पुरे. अ‍ॅक्टिव्हेट केल्याने मुख्यतः त्या फोल्डरचा पत्ता पाथच्या सुरुवातीला लागतो, त्यात दुसरी काही जादू नाही. लिनक्स आणि मॅकवर ‘पायथन३ -एम व्हेन्व .व्हेन्व’ आणि मग ‘सोर्स .व्हेन्व/बिन/अ‍ॅक्टिव्हेट’.

.व्हेन्व फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवू नका, त्याचं नाव बदलू नका. आतल्या स्क्रिप्टमध्ये पूर्ण पत्ते कोरलेले असतात. प्रोजेक्ट हलवायचा असेल तर तो फोल्डर पुसा आणि नव्या जागी पुन्हा बनवा. तो गिटमध्येही घालायचा नसतो. गिटमध्ये जाते ती यादी.

यादीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमचा खरा अपघात तिथे झालाय. एक यादी तुम्हाला काय हवंय त्याची असते. फ्लास्क, पांडाज, बस, चार-पाच ओळी. दुसरी प्रत्यक्षात काय बसलंय त्याची: चाळीस ओळी, प्रत्येकापुढे दोन बरोबरची चिन्हं आणि नेमकं व्हर्जन. ‘पायथन -एम पिप फ्रीझ’ ही दुसरी यादी देतं. बहुतेक जण तीच रिक्वायरमेंट्स म्हणून पुढे पाठवतात आणि पहिली कुणी लिहूनच ठेवत नाही. मग सहा महिन्यांनी कळत नाही की या चाळीसमधलं आपण मागितलेलं कोणतं आणि पाठोपाठ आलेलं कोणतं. दोन्ही ठेवा. पहिली हाताने लिहा, मर्यादा घालायच्या त्या तिथे घाला, आणि जमल्यास शेजारी एक ओळ टिप्पणी: मर्यादा का घातली. ‘वर्कझॉइग<३’ पुढे ‘फ्लास्क ३ वर गेल्यावर काढणे’ असं लिहिलेलं असेल तर पुढच्या माणसाचा अर्धा दिवस वाचतो. दुसरी यादी पिप फ्रीझने बनवून वेगळ्या नावाने जपा. मशीन नव्याने उभं करताना ती कामाला येते.

सहकाऱ्याच्या प्रोजेक्टसाठीही हेच करा. त्याच्या फोल्डरमध्ये वेगळी .व्हेन्व बनवा आणि त्याची फाइल तिथे टाका. आधी त्याने कोणत्या पायथनवर यादी बनवली ते विचारून घ्या. फाइलमध्ये ‘नमपाय==१.२४’ असेल आणि तुम्ही ३.१२ वापरलात तर इन्स्टॉल होणार नाही. नमपाय ३.१२ वर चालू लागला तो १.२६ पासून. त्याआधीच्या व्हर्जनचं ३.१२ साठी तयार व्हील (आधीच बांधून ठेवलेलं पॅकेज) नाहीच, त्यामुळे पिप मूळ कोड उतरवून तो तुमच्या मशीनवर बांधायला बसतो आणि बऱ्याच मिनिटांनी लांबलचक लाल मजकूर फेकतो. त्यात कुठेतरी ‘पीकेजीयूटिल हॅज नो अ‍ॅट्रिब्यूट इम्पइम्पोर्टर’ दिसेल, किंवा ‘नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयूटिल्स’. दोन्ही गोष्टी पायथन ३.१२ मधून काढलेल्या आहेत. हा मजकूर वाचत बसू नका. त्यातलं एकच कळायला हवं, की या व्हर्जनला या पायथनसाठी व्हील नाही. बांधकामाच्या फंदात न पडता पिपने सरळ नकार द्यावा असं वाटत असेल तर कमांडमध्ये ‘--ओन्ली-बायनरी :ऑल:’ घाला. मग तो लगेच ‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्युशन फाउंड’ म्हणेल. इलाज दोनच: पायथन जुना घ्या किंवा पॅकेज नवं. ३२-बिटचा पायथन चुकून बसलेला असेल तरी हाच संदेश येतो, तेही एकदा बघून घ्या.

टाकण्याआधी काय होणार ते बघायचं असेल तर पिप इन्स्टॉलच्या कमांडमध्ये ‘--ड्राय-रन’ लावा. पिप २२.२ पासून ती सोय आहे. काय उतरेल, कोणतं व्हर्जन बसेल ते शेवटच्या ओळीत येतं आणि डिस्कवर काही बदलत नाही. सहकाऱ्याची फाइल टाकण्याआधी हे केलं असतं तर वर्कझॉइग ३ आणि नमपाय २ तिथे दिसले असते.

आणि पॅकेजं एकेक करून टाकू नका. पिपचा निवाडा करणारा भाग, रिझॉल्व्हर, २०२० च्या अखेरच्या पिप २०.३ पासून बराच कडक झालाय, पण तो एका कमांडमध्ये जे मागितलं त्याचाच पूर्ण मेळ घालतो. आधीच बसलेल्या, पण या कमांडशी संबंध नसलेल्या पॅकेजच्या अटी तो निवड करताना विचारात घेत नाही. काम उरकल्यावर फक्त इशारा देतो की अमक्याला तमकं हवं होतं. लोकांना वाटतं तो इशारा किरकोळ आहे, कारण खाली ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ असतं. तो किरकोळ नसतो. सगळी मागणी एका फाइलमध्ये लिहा आणि एकाच कमांडमध्ये द्या, म्हणजे मेळ बसत नसेल तर पिप काहीही न बदलता थांबतो.

तेव्हा येते ती ‘रिझोल्यूशन-इम्पॉसिबल’. भीतीदायक दिसते, पण ही एरर उपकार करणारी आहे. ‘द कॉन्फ्लिक्ट इज कॉज्ड बाय’च्या खालच्या दोन-तीन ओळी तेवढ्या वाचा. समजा त्यात असं आलं की अ या पॅकेजला नमपाय २ च्या खालचा हवा आणि ब ला २ किंवा वरचा. पहिला प्रश्न, यातली एखादी अट तुम्हीच घातलेली आहे का? असेल तर ती सैल करा. पुष्कळदा तिथेच सुटतं. नसेल तर ज्याने वरची मर्यादा घातलीय, म्हणजे अ, त्याचं नवं व्हर्जन आलंय का बघा. ‘पायथन -एम पिप इंडेक्स व्हर्जन्स’ पुढे पॅकेजचं नाव दिलं की उपलब्ध व्हर्जन दिसतात. नवं नसेल तर ब चं जुनं व्हर्जन चालतंय का बघा. तेही नाही, तर ती दोन पॅकेजं एका एनव्हायर्नमेंटमध्ये राहणार नाहीत. काम दोन स्क्रिप्टमध्ये तोडा, दोन एनव्हायर्नमेंट करा आणि मध्ये फाइलने डेटा द्या. ‘--नो-डेप्स’ (पॅकेजच्या अटींकडे न बघता टाकणारा पर्याय) लावून जबरदस्तीने बसवू नका. अट तशीच राहते, फक्त ती मोडल्याचं नंतर, चालू कामात कळतं.

तुम्ही पांडाज तीनदा काढून टाकलं म्हणता, म्हणून हेही सांगायला हवं. पॅकेज काढताना पिप आधी त्याच्या फोल्डरचं नाव बदलून पुढे नागमोडी चिन्ह लावतो आणि मग ते पुसतो. त्या वेळी दुसरीकडे तेच पॅकेज वापरणारा प्रोग्राम किंवा नोटबुक चालू असेल तर विंडोज फाइल सोडत नाही आणि ‘~’ने सुरू होणारे अर्धवट फोल्डर मागे राहतात. नंतर दर कमांडला ‘इग्नोरिंग इनव्हॅलिड डिस्ट्रिब्युशन’ असा इशारा येतो. ३.९ च्या साइट-पॅकेजेसमध्ये असे फोल्डर असतील तर सगळे पायथन बंद करून ते हाताने पुसा.

इम्पोर्ट अडण्याची आणखी काही कारणं आहेत. तुमच्या पत्रात ती नाहीत, पण नवी एनव्हायर्नमेंट बनवताना यातलं एखादं भेटेलच.

पॅकेजचं नाव आणि इम्पोर्टचं नाव एकच असेल असं नाही. ओपनसीव्ही-पायथन टाकायचं आणि सीव्ही२ इम्पोर्ट करायचं. पिलो टाकायचं आणि पीआयएल. सायकिट-लर्न टाकायचं आणि एसकेलर्न. पायवायएएमएल टाकायचं आणि यामल. ब्यूटिफुलसूप४ टाकायचं आणि बीएस४. एररमधलं नाव जसंच्या तसं पिपला देण्याआधी पायपीआयवर (पिप जिथून पॅकेजं आणतो त्या साइटवर) त्या पॅकेजचं पान उघडून बघा. सरावाच्या नावांशी मिळतीजुळती नावं घेऊन बसलेली खोडसाळ पॅकेजंही असतात, आणि काही पॅकेजं इन्स्टॉल होतानाच स्वतःचा कोड चालवू शकतात. इथे अंदाज बांधणं खरोखर महाग पडतं.

स्वतःच्या फाइलचं नाव ही दुसरी जागा. सिस.पाथच्या यादीत पहिला नंबर तुमच्या स्क्रिप्टच्या फोल्डरचा असतो, स्टँडर्ड लायब्ररी आणि साइट-पॅकेजेस त्याच्या मागे. तिथे रँडम.पीवाय किंवा फ्लास्क.पीवाय नावाची तुमची फाइल असेल तर पायथन खरं मॉड्यूल सोडून तीच उचलतो. ३.१२ मध्ये त्याची एरर दिशाभूल करणारी येते, ‘पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल’ आणि पुढे ‘मोस्ट लाइकली ड्यू टू अ सर्क्युलर इम्पोर्ट’. माणूस चक्राकार इम्पोर्ट शोधत बसतो आणि दोष असतो फाइलच्या नावात. शंका आली तर ‘प्रिंट(रँडम.__फाइल__)’ करा, पत्ता तुमच्याच फोल्डरचा निघाला तर फाइलचं नाव बदला. ३.१३ पासून एररच सुचवते की नाव बदलून बघा. खरा चक्राकार इम्पोर्ट असेल, म्हणजे तुमच्याच दोन फाइल एकमेकींना इम्पोर्ट करत असतील, तर दोघींना लागणारा भाग तिसऱ्या फाइलमध्ये काढा.

‘अटेम्प्टेड रिलेटिव्ह इम्पोर्ट विथ नो नोन पॅरेंट पॅकेज’ आली तर पॅकेजच्या आतली फाइल तुम्ही थेट चालवली आहे. प्रोजेक्टच्या मुळाशी या आणि ‘पायथन -एम पॅकेज.फाइल’ असं चालवा, शेवटचं .पीवाय न लावता. सिस.पाथमध्ये हाताने फोल्डर जोडण्याचा उपाय सगळीकडे सुचवला जातो. तो टाळा, दुसऱ्या मशीनवर तो हमखास मोडतो. पायथनपाथ नावाचं एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल कधी ठेवलं असेल तर तेही रिकामं करा. ते सगळ्या पायथनना लागू होतं, व्हेन्वलाही, आणि ३.९ चं सामान ३.१२ च्या पुढ्यात आणून ठेवतं.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी ‘पीवाय -३.९ -एम पिप फ्रीझ’ची यादी फाइलमध्ये काढून ठेवा, आहे त्या अवस्थेची नोंद म्हणून. मग फ्लास्कची .व्हेन्व वर दिल्याप्रमाणे, आणि ‘फ्लास्क रन’ऐवजी ‘पायथन -एम फ्लास्क रन’. मग पांडाजच्या स्क्रिप्टसाठी ३.१२ ची नवी .व्हेन्व, तिच्यात नुसतं ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल पांडाज’. आजचा पांडाज स्वतःशी जुळणारा नमपाय सोबत आणतो, जुना २.०.३ तिथे मागू नका, त्याला ३.१२ चं व्हील नाही. डेटाफ्रेमचं अपेंड पांडाज २.० मध्येच गेलंय, त्यामुळे तुमच्या स्क्रिप्टमध्ये ते नसणार, पण एनपी.इंट, एनपी.फ्लोट यांसारखी नमपाय १.२४ मध्ये काढलेली नावं कुठे उरली असतील तर तिथे साधं इंट आणि फ्लोट लिहा. सहकाऱ्याचा प्रोजेक्ट सगळ्यात शेवटी. प्रत्येक फोल्डर उघडल्यावर व्हीएस कोडमध्ये त्याच फोल्डरची .व्हेन्व इंटरप्रिटर म्हणून निवडा. तिन्ही चालू झाले की ३.९ च्या मूळ साइट-पॅकेजेसमध्ये काय पडलंय याने काही बिघडत नाही. फ्लास्क ३ वर गेलात आणि त्याची .व्हेन्व ३.१२ ने नव्याने बनवलीत की ३.९ च काढून टाका.

तरीही कुठे अडलंत, तर पुढच्या पत्रात चार गोष्टी जशाच्या तशा पाठवा: एररचा पूर्ण मजकूर पहिल्या ओळीपासून, सिस.एक्झिक्युटेबलची ओळ, त्याच पायथनचं पिप फ्रीझ, आणि एरर येण्याआधी दिलेली शेवटची कमांड.